आस मोठा केला की पोट रिकामं राहतं?

ट्रॉलरचं जाळं डेकवर रिकामं झालं की खलाशी ढिगाभोवती उकिडवे बसतात आणि हात चालू होतात. कोळंबी एका पाटीत, माकूल दुसऱ्या पाटीत; राणी मासा, वाकटी, बांगडा आपापल्या जागी. तास-दीड तास पाठ मोडेपर्यंत निवडून झालं की मधोमध एक ढीग उरतो. बोटाएवढे ढोमे, नखाएवढे खेकडे, ओळखूही येणार नाहीत अशी कसलीकसली पिल्लं. तो फावड्यानं ओढून क्रेटांत भरला जातो. कोळंबीच्या पाटीभोवती लिलावाची बोली चढते, या ढिगाभोवती कुणी जमत नाही. त्याला जातीचं नाव नसतं, नुसतं वजन असतं. वजन झालं की तो फिशमीलच्या गाडीत चढतो.

हा ढीग लहान कसा करायचा, याची उत्तरं तयार आहेत आणि ती फार अवघड नाहीत. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचा आस, म्हणजे भोक, मोठा आणि चौकोनी ठेवायचा. कासव बाहेर पडेल अशी झडप बसवायची. कोळंबी आणि मासा वेगळा करणारी चौकट लावायची. पण यातलं काहीही निघालं की बंदरावरच्या सभेत ठरलेले पाच-सहा आक्षेप उभे राहतात, टाळ्या घेतात, आणि सभा संपते. वर्षानुवर्षं मी ते ऐकत आलो आहे. त्यांतले काही खोटे आहेत, काही अर्धे खरे आहेत आणि एक पूर्ण खरा आहे. गंमत म्हणजे पूर्ण खरा असलेला आक्षेप सभेत माइकवर कुणी मांडत नाही, तो बाहेर चहाच्या टपरीवर ऐकू येतो. त्याच्याकडे शेवटी येऊ.

पहिला आक्षेप असा: आपल्याकडे नको असलेली मासळी हा प्रकारच नाही. फेकतात ते परदेशी. आमच्याकडे सगळं विकलं जातं, मग वाया काय गेलं?

यातला पहिला भाग बरोबर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ९१ लाख टन मासळी पकडून पुन्हा समुद्रात फेकली जाते. समुद्रातून काढलेल्या एकूण मासळीचा हा जवळजवळ अकरा टक्के हिस्सा, आणि त्यातली निम्म्याच्या आसपास तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांची. आपल्या किनाऱ्यावर फेकाफेक त्या मानानं कमी, हे मान्य. पण ती कमी झाली ती शहाणपणामुळे झालेली नाही. पूर्वी जो कचरा बर्फ आणि जागा वाचवण्यासाठी दर्यातच लोटला जायचा, त्याला आता गिऱ्हाईक आलं आहे. वेरावळपासून रत्नागिरी, मंगळुरूपर्यंत फिशमीलचे कारखाने उभे आहेत. पिल्लांची पूड होते, ती कोंबड्यांच्या आणि तळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यात जाते. म्हणजे समुद्रात वाढून पापलेट, घोळ किंवा सुरमई झाली असती ती पिल्लं आपण तळ्यातल्या कोळंबीला चारतो आणि वर सांगतो की काही वाया गेलं नाही. फेकलेला मासा निदान डोळ्यांना दिसतो, टोचतो. विकलेलं पिल्लू हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूला बसतं, म्हणून ते जास्त घातक. गिऱ्हाईक आहे एवढ्यावरून माल योग्य ठरत नाही. पोटरीला आलेली ज्वारी कापून कडबा म्हणून विकली तर तिलाही गिऱ्हाईक मिळेल.

हिशेब मांडूनच बघू. पन्नास ग्रॅमची वीस पिल्लं म्हणजे एक किलो, आणि तेही कचऱ्याच्या भावानं. तीच वीस वाढून चारशे ग्रॅमची झाली तर आठ किलो. दर्यात सगळी जगत नाहीत. दुसऱ्या माशाच्या तोंडी जातील, रोगानं मरतील. निम्मी गेली असं धरा. तरी चार किलो हातात आणि भाव खाण्याच्या मासळीचा. शिवाय त्यांतल्या काहींनी मधल्या काळात अंडी घातलेली असतील, ती वेगळीच. कोणताही बोटमालक डिझेलचा हिशेब पैशापैशानं करतो. या हिशेबात मात्र तो एका किलोवर थांबतो.

दुसरा आक्षेप सगळ्यांत लोकप्रिय आहे: आस मोठा केला की सगळी मासळी निसटेल, जाळं पाण्यातून रिकामं वर येईल. चाळीस मिलिमीटर म्हटलं की माणूस दोन बोटं फाकवून दाखवतो, एवढ्या भोकातून काय राहणार? इथे आधी मापाचाच घोटाळा आहे. आसाचं माप जाळं ताणून धरल्यावर समोरासमोरच्या दोन गाठींमध्ये घेतात. चाळीस मिलिमीटरचा आस म्हणजे प्रत्येक बाजू वीस मिलिमीटर. तो चौकोनी बसवला तर भोक वीस बाय वीसचं, साधारण अंगठ्याच्या जाडीचं. त्यातून जे जातं ते जाण्याच्याच लायकीचं असतं.

आणि मोठ्या आसाइतकंच महत्त्व आसाच्या आकाराला आहे. हे पटवून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. बाजारातून कांदे आणतो ती जाळीची पिशवी घ्या. रिकामी असताना तिची भोकं चांगली उघडी दिसतात. आता आत दोन किलो कांदे भरून ती वरून उचला. वजन बसलं की भोकं लांबट होत होत जवळजवळ मिटतात, पिशवी दोरासारखी ताणते. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीत हेच होतं. नेहमीच्या विणीत आस पत्त्यातल्या चौकटसारखा तिरपा असतो. बोट ओढते, मागे वजन वाढतं, आणि तिरपे आस बंद होतात. कागदावर चाळीस मिलिमीटर असलेलं जाळं पाण्याखाली मिटलेलं असतं. पिल्लाला बाहेर पडायचं असलं तरी दारच नसतं. तेच जाळं पंचेचाळीस अंशांत फिरवून बसवलं, की धागे ओढीच्या दिशेला आणि तिला आडवे येतात. ओढ उभ्या धाग्यांवर जाते आणि भोक उघडं राहतं. धागा तोच, कारागीर तोच, बदल फक्त बसवण्यात. गुजरातनं चाळीस मिलिमीटर चौकोनी आसाची पिशवी आपल्या २००३ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यात आणली. आपल्या महाराष्ट्रातही १९८१ पासून सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, आसाचे नियम आहेत, २०२१ च्या दुरुस्तीनंतर दंडाच्या रकमा लाखांत गेल्या आहेत. कायदा नाही ही तक्रार कुणी करू नये.

तिसरा आक्षेप अभिमानाचा आहे: ही सगळी गोऱ्यांची थेरं. जाळ्यात बसवायची कासवाची झडप म्हणजे अमेरिकेची दादागिरी.

दादागिरीचा भाग आहेच, तो झाकायचं कारण नाही. कासव वाचवणारं साधन नसलेल्या ट्रॉलरची कोळंबी घेणार नाही, असा कायदा अमेरिकेनं १९८९ मध्ये केला आणि तो इतर देशांवर लादला. भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ च्या निकालाचा दाखला आपल्याकडे विजय म्हणून दिला जातो, पण तो अर्धाच सांगितला जातो. अपील मंडळानं अमेरिकेची पद्धत भेदभावाची ठरवली. कासवं वाचवण्याचा हेतू मात्र योग्यच मानला. अमेरिकेनं पद्धत सुधारली, मलेशियानं पुन्हा आव्हान दिलं आणि २००१ मध्ये ते फेटाळलं गेलं. आपण वीस वर्षं पहिल्या निकालावर झोपलो. २०१९ पासून भारतातल्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीला अमेरिकेचा दरवाजा बंद झाला. तळ्यातली कोळंबी जाते, दर्यातली जात नाही. हा फटका दिल्लीच्या कचेरीला बसलेला नाही, ट्रॉलरवाल्याला बसला आहे.

आता थेरं कुणाची ते पाहू. कासवाची झडप कुण्या पर्यावरणवाद्याच्या डोक्यातून निघालेली नाही. जॉर्जिया राज्यातल्या सिंकी बून या कोळंबीवाल्यानं १९६०च्या दशकाच्या अखेरीस जाळ्यात तिरप्या गजांची एक चौकट बसवली, कारण त्याचं जाळं जेलीफिशनं भरून फाटत होतं. कोळंबी गजांमधून मागे जायची, जेलीफिश चौकटीवरून घसरून बाहेर पडायचा. लोक त्या चौकटीला जॉर्जिया जंपर म्हणू लागले. कासव त्यातून सुटतं, हे नंतर लक्षात आलं. नॉर्वेची कथाही अशीच. तिथल्या नॉर्डमोर भागातल्या कोळ्यांनी कोळंबीच्या जाळ्यात जेलीफिश बाहेर काढायला गजांची चौकट बसवली. तिच्यामुळे कॉड माशाची पिल्लं वाचतात हे दिसल्यावर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं ती सक्तीची केली. गजांमधलं अंतर एकोणीस मिलिमीटर. दोन्हीकडे साधन बनवणारा हात जाळं ओढणाऱ्याचाच होता, आणि बनवलं ते स्वतःच्या सोयीसाठी. जेलीफिशनं जाळं भरून येणं म्हणजे काय, हे कोकणात बोट हाकणाऱ्या तांडेलाला समजावून सांगावं लागणार नाही.

आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं आपल्या जाळ्यांना साजेशी कासवाची झडप तयार केली. तिच्या चाचण्यांत कोळंबीची घट एक टक्क्याच्या आत आणि इतर मासळीची तीन टक्क्यांच्या आसपास दिसली. त्याच संस्थेनं पिल्लं बाहेर सोडणारं आणि कोळंबी वेगळी ठेवणारं एक साधन बनवलं. त्याला २००५ मध्ये जागतिक स्मार्ट गिअर स्पर्धेत बक्षीस मिळालं. खलाशाच्या दृष्टीनं त्याचा खरा फायदा बक्षिसाहून मोठा आहे: कोळंबी आणि मासा पाण्यातच वेगळे झाले की डेकवर उकिडवं बसून निवडण्याचा वेळ वाचतो, आणि माशाच्या वजनाखाली कोळंबी चेचत नाही. स्वदेशी साधन देशातल्या बंदरांवर चाललं नाही, हा अभिमानाचा विषय असेल तर उलट्या अर्थानं आहे.

झडपेविरुद्ध एक तक्रार मात्र मला खरी वाटते. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी गजांवर प्लास्टिकच्या पिशव्या, दोर, फाटक्या जाळ्यांचे तुकडे येऊन अडकतात. चौकट तुंबली की कोळंबी झडपेतूनच निघून जाते. मुंबईच्या पाण्यात ही अडचण काल्पनिक नाही. पण ती झडपेची नाही, कचऱ्याची आहे. आणि गजांचं अंतर, चौकटीचा कोन, झडपेची जागा बदलून ती कमी करता येते. ते बदल सुचवायला किनाऱ्यावरचा अधिकारी पुरेसा नाही, त्यासाठी तांडेल लागतो.

चौथा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि त्याला मी टाळी देईन. आपला समुद्र थंड प्रदेशातला नाही. तिथे एका ओढीत एक-दोन जातीच मिळतात, इथे पन्नास-साठ. कॉडसाठी बनवलेला आस इथे कसा चालेल?

खरं आहे, एकच आस सगळ्यांना चालत नाही. चौकोनी आस गोलसर अंगाच्या माशाला चांगला. राणी मासा, ढोमा यांची पिल्लं त्यातून निघतात. पापलेट चपटं आणि उंच. वीस मिलिमीटरच्या चौकोनातून पापलेटचं पिल्लू निघणार नाही. उलट तिरप्या आसातून ते एक वेळ निघेल. म्हणून चाळीस मिलिमीटर चौकोनी आस हा पापलेटवरचा उपाय म्हणून सांगणारे चुकतात. २०२३ मध्ये आपण पापलेटला राज्य मासा केलं, चोपन्न जातींसाठी किमान आकार ठरवला, हे चांगलंच झालं. पण पापलेटच्या पिल्लांची मोठी नासाडी पालघर-वसईच्या पट्ट्यात, प्रवाहात उभ्या केलेल्या पिशवीसारख्या डोल जाळ्यांत होते, आणि ती थांबवायची तर पिल्लं ज्या महिन्यात, ज्या पाण्यात येतात तेव्हा तिथे डोल उभी न करणं हाच मार्ग. त्याचा दोष पर्ससीनवाल्यांवर किंवा परराज्यातल्या ट्रॉलरवर ढकलता येत नाही.

डोलीचाच दुसरा पेच जवळ्याचा. जवळा पकडायचा तर आस बारीकच लागतो. मोठ्या आसातून जवळा म्हणजे नुसतं पाणी. जवळा कोळीवाड्यातल्या बायकांच्या वाळवणाचं, म्हणजे घरच्या रोकडीचं, साधन आहे. डोलीचा खोला, म्हणजे शेवटची पिशवी, सरसकट मोठ्या आसाची करा असं जो म्हणतो, त्यानं जवळ्याचं वाळवण कधी पाहिलेलं नसतं. जवळ्याच्या दिवसांत बारीक खोला, बाकी दिवसांत मोठा, अशी व्यवस्था लागेल.

पण या आक्षेपातून निघतं काय? एकच उत्तर सगळ्यांना चालत नाही म्हणजे उत्तरच नको, असं निघत नाही. उलट आपल्या समुद्राला जास्त उत्तरं लागतात असं निघतं: कोळंबीच्या ट्रॉलला चौकट, माशाच्या ट्रॉलला चौकोनी आस, डोलीला ऋतू, दालदीला, म्हणजे मासा आसातच अडकवणाऱ्या जाळ्याला, जातीप्रमाणे आस. सातपाटीचा दालदीवाला पापलेटसाठी मोठ्याच आसाचं जाळं टाकतो, कारण त्याला लहान मासा नकोच असतो. मिश्र समुद्रात निवडून पकडता येतं, याचा पुरावा त्याच्या दारातच वाळत पडलेला आहे.

पाचवा आक्षेप उलट्या बाजूनं येतो. काही पर्यावरणप्रेमी म्हणतात, जाळ्यांना ठिगळं लावू नका, ट्रॉलिंगच बंद करा. समुद्राच्या तळाला नांगर लावणाऱ्या जाळ्याला भोक मोठं करून माणुसकी कशी येईल? तळाची नासाडी चौकोनी आसानं थांबत नाही, हे मान्य. तळाचं आयुष्य कोणत्या पाण्यात राखायचं, कुठे ट्रॉल नकोच, हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे. पण बंदीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या वर्षांत प्रत्येक ओढीतला ढीग तसाच वाढतो. तोवर कोळ्याला सोबत घेऊन काम करता येतं. दर्यात सुटका करणाऱ्याला भरपाई देण्याची वाट महाराष्ट्रानं २०१८ मध्ये दाखवून दिली आहे: कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क सोडवताना जाळं कापावं लागलं तर कोळ्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना कोळ्याला गुन्हेगार मानत नाही, भागीदार मानते. आसाच्या बाबतीतही हाच सूर हवा.

आता तो टपरीवरचा आक्षेप. एका बोटमालक मित्राशी बोलताना तो पहिल्यांदा नीट कानावर आला. त्याला चौकोनी आसाचं सगळं मान्य होतं, कांद्याच्या पिशवीसकट. त्याची अडचण एवढीच की त्याच्या जाळ्यातून सुटलेलं पिल्लू पुढे शेजारच्या बोटीच्या बारीक जाळ्यात जाणार. त्याचं आज कमी होणार आणि उद्याचं शेजाऱ्याला मिळणार. मग पहिला वेडा त्यानं का व्हावं?

यात खोट काढायला जागा नाही. बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो, मासा वाढायला वर्ष लागतं. एकटा सुधारणारा माणूस इथे खरोखरच तोट्यात जातो, आणि त्याला उपदेश करणं हा उद्धटपणा आहे. आजवर आपण हेच केलं. शिबिरं घेतली, पत्रकं वाटली, चार बोटींवर नमुन्याची जाळी बसवून फोटो काढले आणि प्रत्येक मालकाला वेगवेगळं पटवत बसलो. एकेकट्याला पटवून जी गोष्ट होणार नाही ती एकाच दिवशी सगळ्यांवर लागू करावी लागते.

ते होऊ शकतं, हे केरळनं दाखवलं. तिथे आधी थोड्या आणि मग अठ्ठावन्न जातींसाठी किमान आकाराचा नियम आला, आणि तो उतरत्या मालावर, बंदरावर तपासला जाऊ लागला. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासात त्यानंतर राणी माशाचं उत्पादन एक्केचाळीस टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. त्यामागे जादू नव्हती. पिल्लू सोडणाऱ्याला शेजारीही सोडतो आहे याची खात्री होती.

आपल्याकडे गस्तीनौकेनं बारा नॉटिकल मैलांत प्रत्येक बोट अडवून आस मोजणं होणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आस तीन ठिकाणी सहज सापडतो. जाळं जिथे विकलं जातं ते दुकान, बोट जिथे लागते ती जेटी, आणि पिल्लांची गाडी जिथे रिकामी होते तो फिशमीलचा कारखाना. दुकानात बारीक आसाच्या ट्रॉल पिशव्या मिळाल्या नाहीत तर बोटीवर कुठून येतील? कारखान्याच्या काट्यावर किमान आकाराखालची मासळी उतरली तर दंड कारखान्याला व्हावा, फक्त खलाशाला नको. ढीग विकत घेणाऱ्याला मोकळं सोडून ढीग ओढणाऱ्याच्या मागे लागणं हा आपल्या अंमलबजावणीचा जुना खोडसाळपणा आहे. आणि पिशवी बदलण्याचा खर्च पहिल्या वेळी सरकारनं उचलावा. संपूर्ण ट्रॉल जाळ्याच्या मानानं शेवटची पिशवी हा लहान तुकडा असतो. त्यासाठी बोट बदलावी लागत नाही, इंजिन बदलावं लागत नाही.

वेळही आपल्याला आयती मिळालेली आहे. १ जून ते ३१ जुलै या एकसष्ट दिवसांत सगळ्या यांत्रिक बोटी किनाऱ्यावर असतात. कोणत्याही बंदरावर जा, ताडपत्रीखाली जाळी पसरलेली दिसतात आणि माणसं सुई घेऊन फाटलेले आस सांधत बसलेली असतात. दुरुस्तीला जाळं उघडं पडलेलंच असतं. त्याच दिवसांत, त्याच हातांनी, जुनी पिशवी काढून नवी बसवता येते. १ ऑगस्टला पहिली बोट निघेल तेव्हा तिची आणि शेजारच्या बोटीची पिशवी एकाच मापाची असेल, तर माझ्या मित्राला वेडा व्हायचं कारण उरणार नाही. त्या दिवशी जेटीवर पट्टी घेऊन उभं राहायला माणूस हवा, आणि त्यानं पहिलं जाळं मोजायचं ते सभेत सगळ्यांत मोठ्यानं बोलणाऱ्याचं.